आपला अर्ज मंजूर करण्यात आला ना

वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या जगात 255 हा आकडा पत्राच्या माथ्यावरच्या ‘श्री’सारखा असतो. आधी तो लिहायचा, मग खाली काय साठवायचे ते ठरवायचे. ग्राहकाचे नाव? 255. गाव? 255. पिनकोड? तोही 255, उद्या सरकारने वाढवला तर पंचाईत नको. याचा उगम अगदी साधा आहे. एका बाइटमध्ये मोठ्यात मोठा आकडा 255 मावतो आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा व्हारचार कॉलम मजकुराची लांबी एकाच बाइटमध्ये लिहून ठेवायचा. पुढे 5.0.3 आवृत्तीत ती मर्यादा 65,535 बाइटपर्यंत गेली. आकडा मात्र गेला नाही. मायएसक्यूएलवर नुसते ‘स्ट्रिंग’ म्हटले की रेल्स हे फ्रेमवर्क आजही न विचारता 255 घालते. लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांकडे मध्यंतरी 191 अवतरला होता, कारण इमोजींपायी दर अक्षराला चार बाइट धरावे लागले आणि इंडेक्सला मिळत होते 767. भागाकार करून बघा. श्रद्धेमागे हिशेब सापडण्याचा योग क्वचितच येतो.

जुने मायएसक्यूएल स्वभावाने फार भिडस्त. तीस अक्षरांच्या कॉलमात चाळीस अक्षरे आली, तर ते कुणाला दुखवत नसे. तीस ठेवून घ्यायचे, दहा टाकून द्यायचे आणि ‘झाले’ म्हणायचे. एक इशारा कोपऱ्यात पुटपुटायचे खरे, पण तो ऐकायला कुणी बसलेले नसे. इंग्रजीत याने फार बिघडत नाही, ‘नॉट’ वाक्यात लवकर येऊन जातो. मराठीत नकार शेवटी. समजा, शेऱ्याचा कॉलम तीसचा आहे आणि साहेबांनी लिहिले, ‘आपला अर्ज मंजूर करण्यात आला नाही.’ संगणकाच्या मोजणीने हे वाक्य पूर्णविरामासह 33 भरते. शेवटचे तीन काढा. उरते: ‘आपला अर्ज मंजूर करण्यात आला ना’. नकाराचे मंजुरीत रूपांतर झाले, वर एक आपुलकीचा ‘ना’ मिळाला. अर्जदार पेढे घेऊन येणार आणि साहेब म्हणणार, मी तर नाकारला होता. दोघेही खरे बोलतायत.

2015 साली आलेल्या 5.7 आवृत्तीने कडक मोड मुळातच चालू ठेवला आणि ही भीड संपली. आता कॉलमात न मावणारा मजकूर सरळ नाकारला जातो. सुधारणा चांगलीच, फक्त नकार पोचतो कुणाला ते बघा. डेटाबेस फ्रेमवर्कला सांगतो, फ्रेमवर्क अपवाद फेकते, तो पकडायला कुणी नसतो आणि अर्ध्या तासाचा फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबणाऱ्या बाईंसमोर पांढऱ्या पानावर ओळ येते: क्षमस्व, काहीतरी चुकले. काय चुकले, कुणाचे चुकले, हे गुलदस्त्यात.

यावरचा इलाज म्हणजे व्हॅलिडेशन. डेटाबेसच्या दारापर्यंत जाण्याआधीच फ्रेमवर्कने मजकूर मोजायचा आणि ‘नाव फार लांब आहे’ असे नीट सांगायचे. ऐकायला सोपे आहे. रेल्समध्ये त्यासाठी कॉलमची मर्यादा मायग्रेशनमध्ये लिहायची आणि तोच आकडा पुन्हा मॉडेलमध्ये. एकच आकडा दोन फायलींत, दोन माणसांनी, दोन वेगळ्या वर्षी लिहिलेला. सहा महिन्यांनी कुणी कॉलम वाढवून शंभर करतो आणि मॉडेल तीसवरच अडून बसते. खरे तर कॉलमची मर्यादा किती हे मॉडेल चालू असताना डेटाबेसला विचारू शकते. रेल्समध्ये तशी सोय आहे. पण विचारायचे म्हणजे कमीपणा!

जँगो या आणखी एका फ्रेमवर्कने आकडा एकाच जागी ठेवला, त्याबद्दल त्याचे कौतुक. मात्र तिथे मॉडेलचे ‘सेव्ह’ व्हॅलिडेशन चालवतच नाही. फॉर्ममधून आलात तर तपासणी, आतल्या कोडमधून आलात तर थेट प्रवेश. त्यात लॅपटॉपवर असते एसक्यूलाइट, ज्याला व्हारचारपुढच्या कंसातला आकडा ही निव्वळ शोभा वाटते. तीसच्या जागी तीन हजार द्या, हसत घेते. सर्व्हरवर असते पोस्टग्रेस, ते एकतिसावे अक्षर पाहताच दार लावते. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य इतक्या प्रामाणिकपणे दुसरीकडे कुठे उच्चारले जात नसेल.

इथवरचे दुखणे साऱ्या जगाचे. आता घरचे. फॉर्मवर लिहिलेले असते, ‘कमाल 10 अक्षरे’. ज्ञानेश्वर हे नाव वाचणारा ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे मोजतो. ब्राउझर आणि फ्रेमवर्क मोजतात दहा, कारण काना, मात्रा आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलंत त्यांच्या वहीत वेगळा मांडलेला असतो. तेच नाव यूटीएफ-8मध्ये बाइटने मोजले की तीस. तिघेही गणितात पक्के, एकमेकांशी बोलणे मात्र बंद. मायएसक्यूएलचा टेक्स्ट कॉलम 65,535 घेतो तो बाइट घेतो. इंग्रजी मजकूर तितक्या अक्षरांपर्यंत मावतो. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटचे, म्हणून आपला निव्वळ देवनागरी मजकूर 21,845 चिन्हांवर थांबतो. मॉडेलमध्ये कुणी भाबडेपणाने ‘कमाल 65,535’ लिहिले असेल, तर ते चिन्हे मोजते. तिथे लेख पास, डेटाबेसात नापास. कवींची गत त्याहून वाईट: ओळ मोडली की ब्राउझर एक चिन्ह मोजतो, पण सर्व्हरला पाठवताना दोन पाठवतो. पाचशेच्या मर्यादेत चपखल बसवलेली वीस ओळींची कविता पलीकडे पोचते तेव्हा 519 झालेली असते. मुक्तछंदवाल्यांनी सलग गद्य लिहावे, असे फ्रेमवर्कचे मत दिसते. या एका बाबतीत मी फ्रेमवर्कच्या बाजूने आहे.

अशात राज्य सरकारने निर्णय घेतला की 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असावे. निर्णय उत्तम. पण तीसच्या जुन्या कॉलमला तो कुणी कळवला? ‘ज्ञानेश्वर अन्नपूर्णा पुरुषोत्तम’ इथेच 32 होतात, आडनाव अजून यायचेय. कापले तर वडील ‘पुरुषोत्’ म्हणून पाय मोडलेल्या अवस्थेत उरतात. जँगोच्या तयार यूजर मॉडेलमध्येही पहिल्या नावाला 2020च्या 3.1 आवृत्तीपर्यंत तीसच होते, पुढे 150 झाले. अमेरिकेत हवाईमध्ये पस्तीस अक्षरी आडनावाच्या एका बाईंनी 2013 साली ड्रायव्हिंग लायसन्सवर आपले नाव पुरे मावत नाही म्हणून तक्रार केली, तर राज्याने मर्यादाच चाळीसपर्यंत नेली.

आपल्याकडे इतके टोकाला जात नाहीत. रकान्याखाली तांबड्या अक्षरांत सूचना टाकतात: ‘अर्जदाराने आपले संपूर्ण नाव, आईचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव व आडनाव शक्य तितक्या थोडक्यात, कोणतेही चिन्ह न वापरता, संक्षिप्त रूप न करता लिहावे, अन्यथा अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही.’ ही सूचना टेम्प्लेटमध्ये असते, डेटाबेसात जात नाही. तिला मर्यादा नाही.