निवांत : ५.४५ ते ६.३०

ठाकूरद्वारच्या एका टॉवरमधल्या फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलेलं आहे. त्यात रविवारी अबॅकस आणि तबला यांच्या मधोमध हिरव्या शाईत लिहिलंय : 'निवांत (सहकुटुंब), ५.४५ ते ६.३०. स्थळ : चौपाटी.'

चिरंजीव तिसरीत आहेत. पावणेसहाला आईच्या फोनवर गजर होतो. "चल, निवांत सुरू झाला, चप्पल घाल लवकर!" चौपाटी पायी पंधरा मिनिटांवर. पण चालण्यात निवांत फुकट जातो म्हणून टॅक्सी, आणि टॅक्सी सिग्नलला अडकते म्हणून बारा मिनिटांचा निवांत मीटरवर पडतो. वाळूत पोचल्यावर आधी फोटो, मग भेळ. मग बाबा घड्याळ बघत सांगतात, "आता समुद्राकडे बघ. नीट बघ." पोरगं बघतं. "किती वेळ बघायचं?" असंही विचारतं. वाळूत खड्डा खणायला बंदी आहे, कारण साडेसहानंतर तबला आहे आणि नखांत वाळू गेलेली सरांना चालत नाही.

सूर्यास्ताची अडचण वेगळीच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे वेळापत्रकात बसतो. मे महिन्यात त्याला सात वाजून जातात. त्यामुळे समुद्राजवळ राहून या कुटुंबाने उन्हाळ्यातला सूर्यास्त पाहिलेला नाही. सूर्याची बॅच बदलून मिळते का, एवढंच विचारायचं राहिलंय.

कधी निवांत रद्दही होतो. स्पर्धा, एक्स्ट्रा बॅच, कुणाचा तरी वाढदिवस. बुडालेला निवांत पुढे भरून काढायचा असा घरचा नियम. जूनपासून थकबाकी साचत गेली आणि गणपतीत हिशेब लागला की दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस सलग निवांत बसल्याशिवाय ती फिटणार नाही. दिवाळीत किल्ल्याची स्पर्धा आली. मग दोन रविवार जोडून दीड तासाचा निवांत ठेवला, तर अर्ध्या तासातच मुलाची चुळबुळ सुरू. "याचं बेसिक कच्चं आहे," असं निदान झालं आणि मावशींनी शिकवणी सुचवली. हे सगळं चालू असताना आजोबा खिडकीत खुर्ची टाकून, सकाळपासून काहीएक न करता बसलेले असतात. चाळीतल्या गॅलरीत कठड्याला टेकून चाळीस वर्षं रियाज केलेला माणूस! पण घरात कुणाला त्यांच्याकडे शिकावंसं वाटत नाही, कारण ते फी घेत नाहीत.

विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे, असं आंतरराष्ट्रीय बालहक्क संहितेचं एकतिसावं कलम सांगतं. संहिता १९८९ची, भारताने ती १९९२ साली स्वीकारली. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, असं २०२०च्या धोरणात आहे. क्लासच्या पिशव्या दप्तरात धरत नाहीत. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्यात २०२४ साली निघाला. शाळा नऊला गेली आणि सातला स्केटिंग आलं. ही झोप कुणी लाटली? आईबापांनीच. हीच माणसं लहानपणी चाळीच्या चौकात दिवेलागणीपर्यंत लगोरी खेळली, शेजाऱ्यांच्या काचा फोडून जिन्याखाली लपली, आणि त्यांच्या नावाने कुणी वेळापत्रक लिहिलं नव्हतं. आता चाळीच्या जागी टॉवर आला, चौकाच्या जागी पोडियम आला, आणि हीच माणसं सोसायटीच्या कमिटीत बसून तिथे 'बॉल खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावतात. वर पोरांना पैसे भरून हॉलमधल्या 'लगोरी वर्कशॉप'ला पाठवतात! लाज वाटायला हवी. पण शनिवार भरलेला आहे आणि रविवारी फक्त पाऊण तास मोकळा, तोही निवांताला दिलेला.

आता लिफ्टमध्ये नवी नोटीस लागली आहे : 'रिलॅक्सेशन फाउंडेशन बॅच, मे महिना, रोज सकाळी साडेसहा. मोजक्याच जागा.' चिरंजीवांचा अर्ज पहिल्याच दिवशी गेला. सर्टिफिकेट मिळणार का, आणि वर्षभर चौपाटीवर केलेला निवांत धरून थेट दुसऱ्या लेव्हलला प्रवेश मिळेल का, अशी चौकशी बाबांनी सोबत जोडली आहे.