पार्किंगमधले कानसेन

सकाळी तुम्ही गाडी चालू करता, आरसा नीट करता आणि काचेवर टकटक होते. बाहेर बंडी, लेंगा आणि हातात दुधाची पिशवी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“मिसिंग करतेय.”

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हे गृहस्थ सापडतातच. गाडी चालवणारे पुष्कळ; हे गाडी ऐकतात. म्हणून त्यांना कानसेन म्हणायचं.

त्यांचा कान खोटा नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. चार सिलिंडरचं इंजिन जागेवर उभं असताना मिनिटाला साधारण साडेसातशे फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी पडते, म्हणजे चौघांचे मिळून मिनिटाला दीड हजार स्फोट झाले. हायवेवर त्यातले थोडे हुकले, म्हणजेच मिसिंग झालं, तरी वेगाच्या भरात खपून जातात. सिग्नलला उभं राहिलं की मात्र स्टिअरिंग थरथरतं, किल्लीला लावलेला गणपती डोलू लागतो. आपल्याला वाटतं, रस्त्याचं काम चालू असेल. कानसेनांच्या घशाखाली मात्र चहा उतरत नाही.

त्यांचं शिक्षण फियाटवर झालं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेज हरवलेलाच असायचा म्हणून पोस्टकार्डाच्या जाडीवर गॅप ठेवायची, प्लग पेट्रोलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने खरवडायचे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटायची. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलिंडर कामावर आहे. काही फरकच पडला नाही, तर आधीपासूनच रजेवर. आणि हाताला सणसणीत झटका बसला, तर कॉइल उत्तम! ही तपासणी कानसेन आजही डावा कोपर चोळत सांगतात. मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादा भरून निवृत्त झाली, तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाच्याही गाडीला नावं ठेवली नव्हती.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. “एसी लाव. बंद कर. आता हेडलाइट लाव. परत एसी.” इंजिनावर भार टाकून आयडलिंग कोसळतं का बघायची ही रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर निघतो. त्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. त्यानंतर ते मागे जातात आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरायला नोट मागतात. नोट सारखी बाहेर फडफडली तर ठीक, मधेच आत ओढली गेली तर व्हॉल्व्ह गळतोय. यातही तथ्य आहे. फक्त नोट परत मिळत नाही, कारण ती काळी झालेली असते आणि तोवर ते पुढच्या गाडीकडे गेलेले असतात.

घोटाळा सुरू होतो तो औषधाच्या वेळी. रोग कुठलाही असो, कानसेनांच्या बटव्यात पुड्या ठरलेल्या. प्लग बदला, एअर फिल्टर बदला, टाकीत क्लीनरची बाटली ओता आणि इंजिन एकदा धुऊन घ्या. आणि हे चारही एकाच रविवारी! बरं वाटलं तर कशाने वाटलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. बिघडलं तरी तेच. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यापासून तर त्यांना कायमचा आरोपी मिळाला आहे. वायपर अडकला तरी ते “इथेनॉल” म्हणून मान हलवतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंची हॅचबॅक अशीच त्यांच्या तावडीत सापडली. सिग्नलला धडधड, रेस दिली की बरी. कानसेनांनी डोळे मिटून सांगितलं, “दोन नंबर मेलाय.” चारही पुड्या दिल्या. गाडी दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी कर्वे रोडवर गचके देऊ लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. “दिवा सेन्सरचा असतो, इंजिनाचा नसतो,” असं सांगून कानसेनांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावायचा सल्ला दिला. ताईंनी पट्टीऐवजी गॅरेज शोधलं.

गॅरेजमधल्या पोराने आवाज ऐकलाच नाही. त्याच्या कानात इअरफोन होते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात त्याने स्कॅनर खोचला. पडद्यावर आलं, पी०३०३. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे तीन नंबरमध्ये मिसफायर. पी०३०० आलं असतं तर चुकणारा एक नव्हे, कधी हा कधी तो, आणि मग शोध प्लगकडून हवेच्या गळतीकडे, पेट्रोलच्या प्रेशरकडे वळला असता. इथे एकच गुन्हेगार होता. पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन, सगळे संशयित. पोराने तीन नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची तीनवर बसवली. बाकी कशालाही हात लावला नाही. कोड पुसून गाडी पुन्हा चालू केली, तर थोड्या वेळात आलं पी०३०२. कॉइलबरोबर रोगही शेजारी गेला! एक पैसा खर्च न होता निदान झालं. कॉइलला बारीक तडा होता आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी. इंजिन धुतल्याचं. मुळातला तडा जुना असेलही, पण त्याला आंघोळ कानसेनांनी घातली होती.

कॉइल बदलून, खड्डा कोरडा करून गाडी घरी आली. आयडलिंग इतकं स्थिर, की गणपती हलेना. ताईंनी सगळा वृत्तांत सांगितला. पाण्याचा भाग कानसेनांनी सौजन्याने ऐकून सोडून दिला.

“तीन नंबर म्हणाला? बरोबर आहे. मी दोन म्हटलं होतं ना?”

“हो, पण काका, हा तर तीन...”

“मी बॅटरीकडून मोजतो.”

चारांच्या रांगेत एका टोकाचा तिसरा म्हणजे दुसऱ्या टोकाचा दुसरा, यात चूक काढायला जागा नाही.

त्यांची स्वतःची गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. दुसऱ्यांना “तुमची गाडी तीनवरच चालतेय” असं ऐकवणाऱ्या या माणसाच्या इंजिनाला मुळात सिलिंडरच तीन, त्यामुळे तिची धडधड ही जन्मखूण. ती मात्र त्यांना ऐकू येत नाही. हल्ली कित्येक नव्या छोट्या गाड्यांत पुन्हा तीन सिलिंडरची इंजिनं येतात. ती उभ्या जागी थोडी थरथरणारच; पण कानसेनांनी अशा दोन तान्ह्या, निरोगी गाड्यांचे मालक पेढे वाटून होण्याआधीच सर्व्हिस सेंटरला पिटाळले आहेत. मध्यंतरी सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली. कानसेन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली उतरले, बराच वेळ वाकून राहिले आणि मालकाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “हिला कॉम्प्रेशनच नाही.”

माझं मत त्यांच्या बाजूने पडतं. स्कॅनर बिघाड नोंदला गेल्यावर बोलतो. कानसेन पुष्कळदा त्याच्या आठवडाभर आधी बोलतात. चार सिलिंडरच्या गाडीत मिसिंग आहे म्हणाले तर आहेच. तेव्हा त्यांच्या कानाची फी म्हणून चहा जरूर पाजावा, फक्त बॉनेटची चावी देऊ नये. आणि एक ध्यानात ठेवा. पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर कानसेनांना एसी लाव-बंद करायला दहा मिनिटं दिलीत तरी चालेल. पण तो लुकलुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कॉइल फारशी महाग नसते. कन्व्हर्टरचा आकडा ऐकला की माणूस पार्किंगमध्येच बसतो. म्हणून रेस न देता गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन लावा. कानसेनांना संध्याकाळी सांगितलंत तरी चालेल, त्यांना ते आधीच माहीत असेल.