एकचक्रानगरीतलं बिऱ्हाड

नागपुरात हॉटेलऐवजी सर्व्हिस्ड अपार्टमेंट घ्यायची टूम निघाली आहे. ‘घरच्यासारखं, स्वतःच्या किचनसह!’ किचनमध्ये दोन कप, एक इंडक्शन आणि भिंतीवर सूचना : फोडणी देऊ नये. सावजीच्या शहरात, बरं का!

आमच्या केळझरला हे नवं नाही. गाव स्वतःला महाभारतातली एकचक्रानगरी मानतं. कुंतीसह पांडव तिथे ब्राह्मणाच्या घरी वेष पालटून उतरले. ओळखपत्र नाही, डिपॉझिट नाही. भिक्षेतला अर्धा वाटा एकट्या भीमाला. वर पाहुण्यानेच घरमालकावरचं बकासुराचं संकट निवारलं. आता बकासुर चेक-आउटला बिलातून येतो : सफाई वेगळी, गीझर वेगळा, जादा उशीही वेगळी. तेव्हा चावी घेण्याआधी सगळे आकार लेखी मागून घ्या.