हत्तीची परवानगी

शोभेच्या वस्तूंच्या बाबतीत ग्वाल्हेरची परंपरा कडक आहे. जयविलास महालात साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती, तेव्हा छत भार पेलेल का, हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते म्हणतात. मंजुरीची इतकी चोख पद्धत पुढे कुठल्याच महापालिकेला जमलेली नाही.

आमच्या गोरखीत गेल्या गणपतीत उलटंच झालं. हत्ती स्वतःच शोभेला आला. न्यू जर्सीचा भाचा बॅगेतून घेऊन आला: घडी केली तर चादरीएवढा, हवा भरली की आठ फूट, पायात पंखा, पोटात दिवे. तिकडे हे प्रकरण २००१च्या सुमारास बोकाळलं. टेक्सासच्या एका कंपनीने असे सांताक्लॉज बाजारात आणले आणि नाताळात घरोघरच्या अंगणात ते डुलू लागले. मग घरमालकांच्या संघटनांनी नियम केले. उंची किती, सणाआधी किती दिवस लावायचा, सण संपल्यावर कधी उतरवायचा, पंखा रात्री किती वाजता बंद. मोडलात तर दंडाची चिठ्ठी. पंखे बंद झाले की सगळे सांता हिरवळीवर पालथे पडतात म्हणे, वरातीनंतरच्या बँडवाल्यांसारखे.

"मामा, इथे परवानगी कुणाची लागते?" त्याने सवयीने विचारलं.

सरकारचं म्हणाल तर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यासुद्धा त्या यादीत आहेत. कापडी हत्तीबद्दल यादी गप्प आहे. आमच्या घरच्या आत्या गप्प नव्हत्या.

गोरखी म्हणजे शिंद्यांचा जुना महाल, त्यांचं देवघर, अटलजी शिकले ती शाळा. इथे चौकात काहीही उभं करून चालत नाही. आत्यांनी पाटावर बसल्या बसल्या कलमं सांगितली. गणपतीपेक्षा उंच काही नको. आमचा गणपती वीतभर, तेव्हा हत्ती पहिल्याच कलमात आडवा. भाच्याने अपील केलं. तडजोड निघाली: हत्ती चौकात, पण तोंड देवाकडे. सोंड तुळशीला लागता कामा नये. सोवळ्याचं वाळत असताना तर अजिबात नको.

"आणि आवाज?" भाच्याने विचारलं. निवासी भागात कायद्याने दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पंख्याची घरघर त्यात बसली असती. आमची आरती ते दोन्ही आकडे पहिल्याच कडव्यात ओलांडते, म्हणून तो विषय आम्ही वाढवला नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. चौकात प्लग एकच, आणि तो पाणी ओढणाऱ्या टुल्लू पंपाचा. तिघरा धरणाचं पाणी नळाला आलं की "पाणी आलं!" अशी हाळी उठायची, कुणीतरी हत्तीची वायर उपटून टुल्लूची खुपसायचं आणि गजराज आधी मागच्या पायांवर, मग सोंडेवर, हळूहळू साष्टांग. पाहुण्यांना तो नमस्कार वाटायचा. एक आजोबा तर तेवढं बघायला पाण्याच्या वेळेवर येऊन बसू लागले.

गौरींच्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. हत्तीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "छान आहे हो. गौरी गेल्या की याचा पंखा तेवढा द्याल का? या भादव्यात आमच्याकडे चादरी वाळतच नाहीत."

आत्यांनी लगेच मंजुरी दिली.