मागे धरण, पुढे पोरं

कोयनानगरात घरच्यांचा एकत्र फोटो काढायचा तर मुहूर्त भटजी देत नाहीत, पाऊस देतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा हा पाऊस ऑगस्टमध्ये कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण आप्पांची पंच्याहत्तरी आली श्रावणात, आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींना रजा मिळाली ती 15 ऑगस्टला जोडून. पावसाला कुणी विचारलंच नाही.

आप्पांची अट एकच: मागे अख्खं धरण दिसलं पाहिजे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपात त्यांचं घर पडलं. माणसं वाचली, पण भिंतीवरचा कुटुंबाचा एकुलता एक फोटो ढिगाऱ्यात गेला. धरणाला तडे गेले, तरी ते उभं राहिलं. तेव्हापासून भरवशाचं असं आप्पा फक्त धरणालाच मानतात.

फोटोग्राफर पाटणचा, बोलायला मऊ. “आप्पा, आठशे मीटर लांबीचं धरान सगळं घ्यायचं म्हंजी नातवंडं तांदळाच्या दाण्याएवढी दिसतील.”

“दिसू देत. नातवंडं पुढं मोठी होतील. धरण हाय तेवढंच राहणार.”

कपड्यांचा निर्णय पुण्याच्या वहिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर केला: सगळ्यांनी पांढरं आणि फिकट निळं. कोयनेच्या लाल मातीत, भर पावसाळ्यात, पाच वर्षांखालच्या चार पोरांना पांढरं! आईने निरोप वाचला आणि निमूटपणे साबणाची जादा वडी आणवली.

मग हसण्याची तालीम सुरू झाली. “हस” म्हटल्यावर मूल हसत नाही, दात दाखवतं. चिमी तर दाढदुखी झाल्यासारखा जबडा वासायची. तिला “जरा कमी हस” म्हटलं, तर तिने भोकाड पसरलं. सोन्याने व्यवहार ओळखला आणि हसायचे दर ठरवले. नुसत्या हसण्याला एक चॉकलेट, मांडी न खाजवता हसण्याला दोन. आगाऊ रक्कम त्याने तिथेच खाल्ली आणि पांढऱ्या शर्टाला पुसली.

तिकडे आजी आणि वहिनी यांचं तिटीवरून शीतयुद्ध. आजीने बाळाच्या गालावर काजळाची तीट लावायची, वहिनीने ओल्या रुमालाने पुसायची, आजीने पुन्हा लावायची. शेवटी तीट गालभर पसरली आणि दृष्ट लागण्याचा प्रश्नच मिटला.

फोटोग्राफरला हवा होता संध्याकाळचा कोवळा प्रकाश. बाळाची झोप नेमकी त्याच वेळची. शिवाय सूर्य डोंगराआड लवकर जातो, आणि त्याआधी तो दिसलाच पाहिजे अशी इथे सक्ती नाही. फोटोसाठी नेहरू उद्यानात पोचलो तेव्हा बाळ पेंगत होतं, सोन्याला भूक लागली होती, आणि धाकट्या जावयांचे केस तिसऱ्यांदा विंचरून व्हायचे होते. मुलांना तयार व्हायला वेळ लागतो, हा मोठ्यांनी मुलांवर केलेला खोटा आरोप आहे.

एकोणिसाव्या शतकात विलायतेतही हेच हाल होते. तेव्हाच्या कॅमेऱ्यापुढे बराच वेळ स्तब्ध बसावं लागे. तान्ही मुलं बसत नसत, म्हणून आईच अंगावर कापड ओढून खुर्चीचं सोंग घेई आणि मांडीवर मुलाला धरून ठेवी. असे फोटो आजही पाहायला मिळतात: मूल स्वच्छ दिसतं आणि पाठीमागचा पडदा श्वास घेत असल्यासारखा वाटतो. आता फोटो क्षणात निघतो. सगळ्या मुलांचा तो क्षण एकच असावा, एवढीच अडचण उरली आहे.

अखेर रांग लागली. आप्पा खुर्चीत, बाळ मांडीवर, चिमीचा जबडा मिटलेला. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. धरणाच्या शिवसागर जलाशयावरून धुकं उतरलं होतं.

“धरण कुठंय?” आप्पांनी मान वळवली.

“मागंच हाय की. दिसंना झालंय एवढंच. काढू या, कंप्युटरवर मागनं चिकटवतो.”

आप्पा उठलेच. “माझ्या बापानं खरं बांधलंय, आणि तू खोटं चिकटवणार?”

त्यांच्या त्या आवाजाला पोरं मनापासून हसली. चौघंही, एकाच वेळी, एकही चॉकलेट न घेता. फोटोग्राफरने तेवढ्यात बटण दाबलं. फोटोत आप्पा उभे राहून धुक्याला दम देत आहेत, जावई केस विंचरतायत आणि वहिनीच्या हातात काजळाने माखलेला रुमाल आहे. पोरं मात्र झकास आली आहेत. आप्पांनी तो मोठा करून, काच लावून भिंतीवर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, “मागं धरण हाय.”

तेव्हा लहान मुलं घरात असतील तर आधी त्यांना खाऊ-पिऊ घाला, झोपू द्या आणि हसायला शिकवू नका. फोटो तयारी चालू असतानाच काढा. तयारी संपली की मुलंही संपलेली असतात. आलेला फोटो फोनमध्ये न ठेवता कागदावर घ्या. आणि पावसाळ्यात कोयनेला येणार असाल तर कृपा करून पांढरे कपडे घरीच ठेवा.