डिमरपंत

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असा असतो, ज्याने संसार केला तो मुख्यतः दिवे मालवत केला. "आतल्या खोलीत कोण बसलंय?" हा प्रश्न त्याने बायकोला, मुलांना आणि चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांनाही सारख्याच तळमळीने विचारलेला असतो. पुढे तो निवृत्त होतो, मुलगा बंगळुरूला जातो, तिसरी बेडरूम रिकामी होते आणि तिथे होम थिएटर करायचं ठरतं. त्या दिवसापासून त्याला डिमरपंत म्हणावं. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एक आहेत.

प्रोजेक्टर मुलाने पाठवला, स्पीकर जावयाने. त्यात पंतांनी लक्ष घातलं नाही. "ते काय, कोणीही घेतं," म्हणाले. लक्ष घातलं ते बटणांत. थिएटर म्हणजे अंधार, आणि अंधार हा पंतांचा जन्माचा विषय. इतकी वर्षं तो फुकट पसरवला म्हणून कोणी किंमत केली नव्हती. आता त्याच कामासाठी कॅटलॉग होते, नमुने होते आणि दीड हजाराच्या बटणाकडे आदराने बघणारी माणसं होती.

वायरमन आला तेव्हा त्याने दिवे मंद करायला साधा उपाय सांगितला. "काका, पंख्याचा रेग्युलेटर लावून देतो. शंभर-दीडशेत काम." हे ऐकून पंतांनी त्याला खुर्ची दिली, म्हणजे तो आता लवकर सुटणार नव्हता. मग सांगितलं की पूर्वीच्या डबा रेग्युलेटरात वाचवलेली वीज डब्यातच तापून जायची. हल्लीच्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरात कपॅसिटर असतो, तो पंख्याला ठीक. पण डिमरात ट्रायॅक असतो आणि तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा भाग कापतो, सेकंदाला शंभर वेळा. वायरमनने चहा संपवला आणि विचारलं, "मग कुठला लावू?"

डिमर आणायला पंत लोहार चाळीच्या बाजारात गेले. लोहार चाळीत माणूस एका दुकानात शिरला की बारा दुकानांतून बाहेर पडतो. सहा मॉड्यूल, आठ मॉड्यूल, बारा मॉड्यूल अशा प्लेटी काउंटरवर मांडून झाल्या. पांढरी प्लेट नको, पडद्याचा उजेड तिच्यावरून परत फिरतो. काळी चकचकीत नको, तिच्यात नटीचा चेहरा उलटा दिसतो. मॅट राखाडी हवी. टचची नको, अंधारात बोट चुकीच्या जागी पडतं. खटक्याचीच हवी, पण खटका मोठ्याने वाजता कामा नये. पंतांनी प्रत्येक बटण कानाशी धरून दाबून पाहिलं. शेवटी शेठ म्हणाले, "काका, लाइट कम करना है या गाना सुनना है?"

निळा ठिपका असलेलं बटण मात्र फसवं निघालं. अंधारात सापडावं म्हणून कंपनीने दिलेला तो ठिपका सिनेमाभर डोळ्यांत सलत राहिला. पंतांनी त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. तेव्हापासून बटण सापडत नाही. ते शोधायला मोबाइलची बॅटरी लावतात.

खरा घोळ पुढे झाला. छताला सहा-सहा वॉटचे पाच एलईडी होते, सगळे मिळून तीस वॉट. डिमर होता पिवळ्या बल्बांच्या जमान्यातला. एवढ्याशा भाराला तो जुमानेना. दिवे फडफडायला लागले. वायरमनने यावर हमखास तोडगा काढला. माळ्यावर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे, एक चाळीस वॉटचा साधा बल्ब त्याच लाइनीत जोडला. भार वाढला, फडफड थांबली. तीस वॉटचे दिवे मंद करण्यासाठी चाळीस वॉटचा बल्ब माळ्यावर जळू लागला. काकूंनी शिडीला टेकून वर पाहिलं आणि इतक्या वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता केला. "अहो, माळ्यावर कोण बसलंय?"

पंत त्या रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी एलईडीला चालणारा, लाटेचा शेवटचा भाग कापणारा डिमर आला आणि दिवेही डिमरला चालणारे आले. खोक्यावर तसं छापलेलं असतं. आधी कोणी वाचत नाही, एवढंच.

आता पंतांकडे सिनेमाला जाणं म्हणजे आधी दिवे पाहणं. जोएल स्पायरा नावाच्या अमेरिकन माणसाने 1959 साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या फ्लॅटच्या जादा बेडरूममध्ये हा इलेक्ट्रॉनिक डिमर सिद्ध केला आणि 1961 साली लुट्रॉन कंपनी काढली, हे ते 'जादा बेडरूम' या शब्दांवर जोर देऊन सांगतात. मग गुंडी फिरवत विचारतात, "किती उजेड वाटतो?" आपण म्हणावं, तिसरा हिस्सा असेल. "मोजलात तर दहावा हिस्सा! डोळा फसतो." हे खरं आहे. अंधारात बाहुली मोठी होते आणि थोडा उजेडही पुष्कळ वाटतो. मला तर पंतांचं बोलणं सिनेमाहून बरं वाटतं, आणि ऐकायलाही तेच जास्त मिळतं. सिनेमाच्या नावाची पाटी पडेपर्यंत ते गुंडीपाशी असतात आणि पाटी पडल्यावर "आवाज ठीक आहे ना?" असं विचारत राहतात. मध्यंतराला त्यांनी वेगळा उजेड ठरवला आहे. त्यात बटाटावडा दिसतो, चटणी दिसत नाही.

त्यांची कीर्ती पसरली आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जिन्याच्या दिव्यांचं काम एकमताने त्यांच्याकडे गेलं. तिथे डिमर लावू दिला नाही. ज्येष्ठ नागरिकांनी पायऱ्यांचा मुद्दा काढला. पंतांनी मग हालचाल ओळखणारे सेन्सर बसवले. माणूस आला की दिवा लागतो, हालचाल थांबली की मिनिटभरात आपोआप मालवतो, कोणाला ओरडावं लागत नाही. पंत इतके समाधानी मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या बायका मात्र संध्याकाळी जिन्यात बोलत उभ्या राहतात, त्यांना मधूनमधून हात वर करून हलवावा लागतो. समोरच्या विंगमधले एक आजोबा गॅलरीतून रोज न चुकता त्यांना उलट हात करतात.