चिंगीबाई यांस, मुक्काम पोस्ट फिशटँकचं झाकण

श्रीमती चिंगीबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा मध्यरात्री आपण आमच्या हॉलमधल्या फिशटँकची झडप पंजाने उचकटून जयकिशनला बाहेर काढलंत, ओल्या पावलांनी बेडरूमपर्यंत आलात आणि त्याला माझ्या उशीवर ठेवून शेजारी बसलात. जाताजाता फिल्टरच्या बोर्डावर पाणी सांडून अख्ख्या घराची वीज घालवलीत. त्यामुळे गार, बुळबुळीत असं काहीतरी गालाला लागलं तेव्हा ते काय आहे हे बघायला मला आधी अंधारात मोबाइल शोधावा लागला. सकाळी उशीच्या अभ्र्यावर एक केशरी खवला टिकलीसारखा चिकटलेला सापडला. तेवढाच काय तो पुरावा. आपल्या मिशांवर पाण्याचा थेंबही नव्हता.

जयकिशन कोण, हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे दोन गोल्डफिश, शंकर आणि जयकिशन. आपण चिरंजीवांच्या रेनकोटच्या खिशातून या घरात आलात, त्याच्या किती तरी आधीपासून ते इथे होते. सेवाज्येष्ठतेचा मुद्दा इथेच निकालात निघतो. अण्णांनी संगीतकार जोडीची ही नावं ठेवली तेव्हा आम्ही हसलो होतो. आता अण्णा एवढंच म्हणाले, "खरा जयकिशनही आधीच गेला होता, 1971 साली. शंकरने पुढे 1987पर्यंत, स्वतः जाईतो, नाव जोडीचंच लावलं." आणि टँकसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. आपल्यावर चकार शब्दाने रागावले नाहीत. ते काम म्हणून माझ्याकडे आलं.

किरकोळ बाबी आधी उरकते. पडद्यांच्या चिंध्या माफ. अण्णांच्या वर्तमानपत्रावर नेमकं शब्दकोडं येतं त्याच पानावर बसणं माफ. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आपण डोळे सताड उघडे ठेवून, माझ्या नजरेला नजर देऊन टेबलावरचा पेला खाली ढकलता, तेही माफ. आपले पूर्वज म्हणे आफ्रिकेच्या आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं, अगदी थोड्या पाण्यावर भागवणारी. त्यांच्या या वंशजाला वाडग्यातलं ताजं पाणी चालत नाही, मासे मुरलेलंच लागतं. असो.

आता झाकण. टँकचा हूड जुना आहे, आत ट्यूब आहे. ती पेटली की वरचं प्लास्टिक कोमट होतं आणि आपण त्यावर पसरता. डोंबिवलीच्या मे महिन्यात, पंखा पाचवर असतानासुद्धा! जिथे आम्हाला उकडायला लागतं तिथून मांजराची सोय सुरू होते, असं जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. तीस अंशांच्या खाली मांजराला आपलं अंग ऊबदार राखायला जास्तीचे कष्ट पडतात म्हणे. कष्ट! आपल्याला!

या झाकणावरून आपल्याला उठवण्यासाठी सगळ्या मजल्याने डोकं चालवलं. संत्र्याच्या सालीचा वास मांजराला खपत नाही, असं समोरच्या काकू म्हणाल्या. साल ठेवली, आपण ती पळवून तिच्याशी फुटबॉल खेळलात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. तिला अण्णांचा सदरा चिकटला. गळ्यात घंटा बांधायची कामगिरी चिरंजीवांनी ओरखड्यांसकट पार पाडली; दुसऱ्या दिवशी घंटा सोफ्याखाली आणि आपण झाकणावर. कुणी म्हणालं, आमच्या आजीकडे दूध शिंक्यावर ठेवत, तसं काही करा. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकमध्ये काठोकाठ भरलं तर 56 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि काच धरली तर वजन सत्तर किलोच्या घरात जातं. ते टांगायचं कशाला? शिंकं तुटल्यावर कुणाचं फावतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि आत कोण होतं? ज्यांना पापण्याच नाहीत, असे दोन जीव. आपलं तोंड काचेला टेकलं की त्यांना डोळे मिटून घेण्याचीही सोय नाही. माशाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिच्यातून पाण्यातली बारीकशी हालचालही त्याला कळते. आपण वर कूस बदललीत की खाली त्यांना ते जाणवत असणार. शंकर आता फिल्टरच्या नळीमागे उभा असतो. दाणे वर तरंगतात, ओले होऊन खाली बसतात, तो हलत नाही.

आपल्या कुळाला या बाबतीत इतिहास आहे, तोही ऐकून ठेवा. 1747 साली लंडनमध्ये होरेस वॉलपोल नावाच्या लेखकाची सेलिमा नावाची मांजर गोल्डफिशच्या चिनी मातीच्या भांड्यात बुडून मेली. त्याचा कविमित्र थॉमस ग्रे याने तिच्यावर कविता लिहिली आणि ती इंग्रजी साहित्यात अमर झाली. मासे धरायला गेली ती मांजर, आणि अमर झाली तीही मांजरच. आमच्या जयकिशनवर कोण लिहिणार?

पण मला खरं डाचतंय ते वेगळंच. चिंगे, तू त्याला खाल्ला का नाहीस?

अगं, खाल्ला असतास तर मी समजू शकले असते. भूक लागली, मासा दिसला, खाल्ला. बाजारातून पापलेट आणून, कालवण करून, काटे चोखून खाणाऱ्या घरात आम्ही तुला कुठल्या तोंडाने बोललो असतो? पण तू त्याला दातसुद्धा लावला नाहीस. अण्णांच्या एवढ्या वर्षांच्या सोबतीला उचलून आणलंस, तडफडू दिलंस आणि बघत बसलीस! वाडगा भरलेला होता. पोट भरलेलं होतं. कशासाठी केलंस हे? लाज नाही वाटत? त्या रात्री मी तुझ्यावर जे ओरडले ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

डॉक्टर म्हणाले, मांजराची भूक आणि शिकार यांचा थेट संबंध नसतो. हलतं दिसलं की पंजा उठतो, पोट भरलेलं असलं तरी. मी म्हटलं, ते ठीक, पण मग खायला नको? यावर त्यांनी विचारलं, "आईपासून किती लहानपणी वेगळी झाली ही?"

डोळे नुकते उघडले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पावसात, एका स्कूटरखाली. आई आलीच नाही. चिरंजीवांनी ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं. डॉक्टर म्हणाले, दबा धरणं, झडप घालणं मांजर पोटातूनच घेऊन येतं. पण पकडलेल्याचं पुढे करायचं काय, ते बऱ्याच अंशी आई शिकवते. आधी ती मेलेला उंदीर आणून पुढ्यात टाकते, मग अर्धमेला, मग जिवंत. पिल्लू हळूहळू शिकतं.

तुझ्यापुढे कुणी काही टाकलं नाही, चिंगे. टाकलं ते पाकिटातलं कोरडं खाणं, दोन वेळा, मापून. म्हणून आयुष्यातली पहिली शिकार तोंडात धरून तू अंधारात घरभर फिरलीस आणि ज्या उशीशी रोज झोपतेस तिथे आणून ठेवलीस. मग बसून राहिलीस. मांजरप्रेमी सांगतात, ही मालकाला दिलेली भेट असते. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, पुढे काय करायचं ते तू मला विचारत होतीस. आणि मला तरी कुठे माहीत होतं?

तर आता आपण कामाचं बोलू. हूड भंगारात गेला. त्या जागी पाच मिलिमीटर जाडीची काच येते आहे, क्लिप लावून. तिच्याखाली ट्यूब नाही, त्यामुळे ऊबही नाही. बोर्ड भिंतीवर उंच चढवला आहे आणि वायरींना खाली झोळ देऊन मगच त्या वर नेल्या आहेत, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाशी गळून पडेल, प्लगपर्यंत जाणार नाही. आपल्याला पश्चिमेच्या खिडकीतली फळी मंजूर झाली आहे. दुपारी दोननंतर तिथे जितकं तापतं तितकं त्या ट्यूबला जन्मात जमलं नसतं.

शिवाय रोज रात्री जेवणाआधी शिकवणी. चिरंजीव काठीला पीस बांधून घरभर पळवतील, आपण ते पकडायचं, आणि पकडल्याबरोबर वाडग्यात उकडलेल्या, बिनमिठाच्या, काटे काढलेल्या माशाचा तुकडा पडेल. धावायचं, धरायचं, खायचं, या क्रमाने. कच्चा मासा मिळणार नाही. गोल्डफिश ज्या कार्पच्या कुळातला, त्या कुळातल्या कित्येक माशांच्या कच्च्या मांसात ब-1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. रोज पोटात गेला तर मांजराला झटके येतात. शिकवणीची फी नाही. गैरहजेरी चालणार नाही.

अटी मान्य नसल्यास काय, असा प्रश्न आपल्याला पडणार नाही, कारण आपल्याला प्रश्न पडतच नाहीत. तरी सांगते. आपल्या केसालाही धक्का लागणार नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि आपलं वजन साडेचार किलो. सोन्याचा आजचा भाव एकदा वाचा. वर्तमानपत्रावर बसताच आहात.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपली,
वाडगा भरणारी